वास न येणारा गॅस

मी जो काही आहे तो हुलसूरच्या जाधव सरांमुळे. त्यांच्या आग्रहाने घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तोही रसायनशास्त्राचा.

घरी बिअरचा नळ बसवायच्या हौसेपायी, बिअर दाबाने नळात चढवायला, मी हुमनाबादला कार्बन डायऑक्साइडची टाकी भरून घेतली. भरून देणारा माणूस एरवी सोडावाल्यांची कामं करतो. त्याचं नाव विचारायचं राहिलं. टाकी मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली. शेजारी बायकोच्या मांडीवर मुलगी झोपली होती, काचा बंद होत्या. निघण्याआधी मी टाकीचं तोंड हुंगलं आणि म्हणालो, "वास नाही. गळत नाही."

त्या माणसाने बोटावर साबणाचा फेस घेऊन शांतपणे टाकीच्या तोंडाला लावला. बुडबुडे आले.

"अण्णा, कामून हुंगायलाव? ह्यो सैपाकाचा गॅस न्हाई. ह्याला वासच न्हाई."

"पण हा पेटत नाही ना!"

"व्हय. पेटलेला दिवा बी इझवतोय, अन् बंद गाडीत माणसाला बी." त्याने टाकी बाहेर काढली. "किती शिकलाव?"

"एम.एस्सी."

"मग तर समजल तुमाला. लेकरू न्या, टाकी ऱ्हाऊ द्या."

घरी पोचताच पत्र लिहिलं:

"सर, कार्बन डायऑक्साइडला गंध नसतो, या उत्तराला तुम्ही मला पूर्ण गुण दिले होते. ते उत्तर हुमनाबादच्या एका माणसाने आज मला समजावलं. मुलगी सुखरूप आहे. सुट्टीत तिला तुमच्याकडे शिकायला पाठवतो. गुण कमी पडले तरी चालतील."