सुभानरावांनी अंगण उंच केलं त्या वर्षी

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून कुणीही त्यांच्या नावाने बोटं मोडेल, आणि मोडणाऱ्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही. पण सुभानराव मोहिते हा मुळात लोकांच्या उपयोगी पडणारा माणूस. वाघोडियाच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात स्टोअर सांभाळलं. सोसायटीत कुणाचा नळ गळो, कुणाची स्कूटर अडो, सुभानराव पान्हा घेऊन हजर. पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत स्वार होते, त्याचा अभिमान इतका की दुधाच्या रांगेत उभे राहिले तरी छाती पुढे. आवाज मोठा, राग नाकावर आणि मन साफ. निदान त्यांचा स्वतःचा तसा समज होता.

दोनच माणसांपुढे हा आवाज खाली यायचा. एक त्यांची बायको कौशल्या. ती करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दुसरे गोविंदराव आठल्ये. गोविंदरावांचे आजोबा सरकारच्या विद्याखात्यात होते आणि ते स्वतः शाळेत भूगोल शिकवायचे. एक फौजेतल्यांचा वंशज, एक पुस्तकवाल्यांचा. पण दोघांची गट्टी अशी जमली की मांजलपुरात प्लॉट घेतला तो दोघांनी शेजारी शेजारी, आणि घर बांधलं तेही जोडघर. बडोद्यात त्याला ट्विन टेनामेंट म्हणतात. अर्धं मोहित्यांचं, अर्धं आठल्यांचं, मधली भिंत एकच. इकडे खिळा ठोकला की तिकडचं कॅलेंडर हलायचं. पुढचं आणि मागचं अंगण मात्र सलग होतं. मध्ये भिंत घालायची नाही, असं दोघांनी तोंडी ठरवलं होतं आणि ते इतकी वर्षं सगळ्यांनी पाळलं.

तेव्हा मांजलपूर म्हणजे शेतं आणि बाभळी. जमीन खोलगट, म्हणून स्वस्त. गोविंदरावांनी बांधकामाच्या आधी दोन पावसाळे त्या जागेवर चकरा मारल्या होत्या. मागे काँस होता, म्हणजे पावसाचं पाणी विश्वामित्रीकडे नेणारा मोठा उघडा नाला. साऱ्या शेतांचं पाणी तिरपं तिरपं होत तिकडेच जायचं. गोविंदरावांनी गवंड्याला मागच्या कुंपणभिंतीत अगदी सखल कोपऱ्यात मोरी ठेवायला लावली. तो कोपरा आला मोहित्यांच्या बाजूला. दोन्ही घरांच्या छपरांचं आणि अंगणांचं पाणी त्या एकाच भोकातून काँसात जाऊ लागलं. "तुझ्या परसातून माझं पाणी जाणार, सुभान. नीट वाग माझ्याशी," गोविंदराव म्हणाले होते. त्यावर दोघं पोट धरधरून हसले होते.

पुढे शहर वाढलं, ते लांबीरुंदीला वाढलं तसं उंचीलाही वाढलं. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडायचा, जुना कुणी खरवडायचं नाही. आजूबाजूची शेतं भराव घालून वर आली आणि त्यांच्यावर फ्लॅट उभे राहिले. काँस अरुंद झाला, कुठे झाकला गेला, कुठे कुणाच्या पार्किंगखाली गेला. सुभानरावांच्या घराला पूर्वी पायऱ्या चढून जावं लागे. एकेक पायरी रस्त्यात गडप झाली आणि शेवटी घरात शिरायला खाली उतरावं लागायला लागलं. घर होतं तिथेच होतं. गाव त्याच्याभोवती उंच होत गेलं आणि ते आपोआप खड्ड्यात गेलं.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये नदीने हिशोब मागितला. काँसातलं पाणी नदीत जायचं सोडून उलटं फिरलं आणि मागच्या मोरीतून घरात शिरलं. आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं. दोन्ही कुटुंबं गच्चीवर गेली. सुभानरावांचा मुलगा समरजित, सून स्नेहल आणि तिची तान्ही सानवी. गोविंदराव आणि निरुपमावहिनी. वर प्लास्टिकचा कागद ताणला होता आणि सानवी रडून रडून निळी पडत होती. तिला आलटूनपालटून सगळ्यांनी मांडीवर घेतलं, पण ती झोपली फक्त गोविंदरावांकडे. सकाळी गल्लीतून मगर जाताना स्नेहलने पाहिली. सोसायटीतल्या पोरांनी तिचे व्हिडिओ काढले. स्नेहल मात्र पोरीला छातीशी धरून मटकन खाली बसली.

पाणी ओसरल्यावर ती बाजव्याच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. समरजितची नोकरीही तिकडचीच, त्यामुळे त्यालाही बरंच झालं. जाताना ती सासऱ्यांच्या पाया पडली आणि सरळ म्हणाली, "पप्पा, मी भांडून नाही जात. पण हे घर वर उचला, मग आम्ही येऊ. लेकीला घेऊन मी पुन्हा या खड्ड्यात नाही झोपणार."

ती गेली आणि सुभानरावांचं घर त्यांना खायला उठलं. कौशल्या नाही, पोरं नाहीत. चिखलाने फुगलेली कपाटं, आणि भिंतीवर पाण्याची रेघ. निरुपमावहिनी रोज संध्याकाळी झाकलेलं ताट आणून द्यायच्या. सुभानराव ते खायचे आणि मोबाइलवर नातीचे फोटो बघत बसायचे. पोरगी रांगायला लागली ती त्यांनी फोटोतच पाहिली. आता त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, सानवी या घरात यायला हवी होती.

अख्खं घर जॅक लावून वर उचलणारी माणसं त्यांनी बोलावली. ती बघून गेली आणि म्हणाली, मधली भिंत एक आहे, उचलायची तर दोन्ही घरं उचलावी लागतील. गोविंदरावांच्या पेन्शनमध्ये ते बसण्यासारखं नव्हतं, आणि गोष्ट तिथेच थांबली. मग सुभानरावांनी दुसरा मार्ग काढला. दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागले. पाडलेल्या इमारतींच्या विटा, काँक्रीटचे तुकडे, माती. पुढचं मागचं अंगण त्यांनी आपल्या हद्दीपुरतं कमरेएवढं वर आणलं, भराव आठल्यांकडे ढासळू नये म्हणून हद्दीवर भिंत घातली, आणि घरातली फरशीही उचलली. छत तिथेच राहिलं. दारं खालून कापावी लागली, आणि समरजित बघायला आला तो पंख्याखालून मान वाकवून चालला. "पप्पांनी घर उंच केलं की आम्हाला बुटकं केलं?" स्नेहल फोनवर हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून सुभानरावांना गड जिंकल्यासारखं वाटलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा गोविंदराव रोज आपल्या ओटल्यावर खुर्ची टाकून बसत. ट्रॅक्टर रिकामा होई, धूळ उडे, ते उपरण्याने तोंड पुसत आणि बसून राहत. सुभानराव हात हलवत, तेही हलवत. म्हातारपणी वेळ जात नाही, दुसरं काय, असं सुभानराव मनाशी म्हणत.

मागच्या कोपऱ्याशी काम आलं तेव्हा गवंड्याने हात थांबवला आणि मोरीचं काय करायचं ते गुजरातीत विचारलं. "काका, आ मोरीनुं शुं करवानुं?"

सुभानरावांनी मोरीकडे पाहिलं. ऑगस्टमध्ये पाणी आलं ते ह्याच भोकातून, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मग त्यांनी पलीकडे पाहिलं. गोविंदराव आज मागच्या ओटल्यावर येऊन बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर इकडेच. हाक मारली असती तर पोचली असती. सुभानरावांनी नजर वळवली.

"पूरी दो," ते गवंड्याला म्हणाले, आणि मोरी बुजली.

मे महिन्यात सानवी आईबापांबरोबर राहायला आली. नव्या अंगणात ती दुडूदुडू धावली आणि सुभानराव तिच्यामागे वाकून वाकून धावले. निरुपमावहिनींनी पलीकडून तिची दृष्ट काढली. भिंतीमुळे त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

जुलैत एका सकाळी जोराचा पाऊस आला. नदी भरली नव्हती, पूर नव्हता. बडोद्याला दर वर्षी येतो तसला पाऊस. रस्त्याचं पाणी उतरणीने आठल्यांच्या फाटकातून आत आलं, छपराचं खाली आलं, आणि सगळं मिळून सवयीने मागच्या कोपऱ्याकडे निघालं. तिथे आता भिंत होती. पाणी परत फिरलं आणि स्वयंपाकघरात शिरलं. निरुपमावहिनी तांदळाचा डबा उचलायला धावल्या आणि पाय घसरून पडल्या.

तो आवाज सुभानरावांना मधल्या भिंतीतून ऐकू आला. मागोमाग गोविंदरावांची हाक आली, "सुभान!" ते तसेच अनवाणी धावले. त्यांचं अंगण कोरडं ठणठणीत होतं. फाटकातून वळून ते आठल्यांकडे उतरले आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं. पुढे वहिनींना उचलणं, गाडी आणणं, दवाखान्यात बाकावर बसणं हे सगळं त्यांनी केलं, आणि त्या सगळ्या वेळात गोविंदरावांकडे एकदाही बघायची त्यांची छाती झाली नाही.

वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा पायावर उभ्या राहिल्या नाहीत. दवाखान्यातून गोविंदरावांनी त्यांना घरी आणलंच नाही. वाघोडिया रोडला लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट भाड्याने घेतला आणि परभारे तिकडे नेलं. टेम्पो आला, सामान भरलं, कुलूप लागलं. सुभानराव आपल्या उंच अंगणातून बघत होते. खाली उतरून हात लावावा असं फार वाटत होतं, पण पाय उचलेना.

दसऱ्याच्या सुमारास समरजितने बातमी आणली. आठल्येकाका घर विकतायत. घेणारा बिल्डर त्यांचा अर्धा भाग पाडून प्लॉट आपल्याहून उंच करणार आणि वर मजले चढवणार. "मग पाणी आपल्याकडेच, पप्पा. आपल्यालाही बघावं लागेल हं," तो म्हणाला. सुभानरावांनी पाण्याचं काही ऐकलंच नाही. गोविंदा परत येणार नाही, एवढंच त्यांच्या कानात शिरलं. त्यांनी स्कूटर काढली.

सातव्या मजल्यावर दार गोविंदरावांनीच उघडलं. खोलीत पलंगावर निरुपमावहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांचे केस कुणीतरी बारीक कापून टाकले होते. सुभानरावांना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"या ने, भावजी. किती दिवसांनी! सानवी बोलायला लागली?"

"थोडं थोडं बोलते."

"आणि काय हो, एवढा पाऊस झाला यंदा. तुमच्याकडे नाही ने भरालं पाणी?"

"नाही, वहिनी."

"बरं झालं बाई. लहान पोर घरात," वहिनी म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, आणि तेच सुभानरावांना सोसवेना. डोळे भरून आले ते लपवायला ते गॅलरीत गेले. गोविंदराव मागून आले.

खाली घरं, छपरं, मध्येच एखादं झाड. सुभानरावांनी कठडा धरला. "गोविंदा, घर विकू नकोस. मी सगळा भराव काढतो. समरजित रागावला तर रागावू दे. तू वहिनींना घेऊन ये परत."

"सौदा झाला रे. आणि तिला आता जमिनीवरचं घर नको वाटतं. पाण्याचा आवाज आला की थरथरते."

 सुभानरावांना विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून खाली उतरता येणार नव्हतं.

"मी मोरी बुजवली तेव्हा तू बघत होतास. तुला कळत होतं ने, काय होणार ते?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

 गोविंदराव रागावल्यासारखे दिसले नाहीत. दमलेले दिसले.

"तू विचारशील असं वाटलं. त्यासाठीच रोज ओटल्यावर येऊन बसत होतो. परस तुझं, पोरं तुझी. आपण होऊन कसं सांगायचं? तू एकदा बघितलंस माझ्याकडे. म्हटलं, आता येतोस."

 आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, हे सुभानरावांना कळत होतं. "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मग सानवी आली नसती."

गोविंदरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"नको कशाला म्हणेन? माझ्या मांडीवर झोपलीय ती. भरावाखालून एक पाइप टाक म्हटलं असतं, आणि तोंडाशी झडप. पाणी बाहेर जातं, उलटं येत नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं, सुभान."