जे आलं नाही, त्याचं औषध

न घडलेल्या गोष्टीची तयारी करायची नाही, असा आमच्या घरात अक्कांचा नियम होता. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, चोपड्याकडच्या. पाहुणा दारात दिसल्याशिवाय त्या चहाचं आधण ठेवायच्या नाहीत आणि निकाल हातात पडल्याशिवाय पेढ्यांचं नाव काढू द्यायच्या नाहीत. आधी केलं की नाट लागते, एवढंच कारण. मी धुळ्याची, शाळेत शिकवणारी आणि स्वभावाने उतावळी. जूनची पुस्तकं एप्रिलमध्ये कव्हरं घालून तयार ठेवणारी. जळगावात आम्ही तिघंच राहायचो, अक्का, मी आणि हे. बाकी सगळं गुण्यागोविंदाने चालायचं, पण या एका बाबतीत माझं आणि अक्कांचं कधी जमलं नाही.

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा मात्र मी त्यांचं मुकाट्याने ऐकलं होतं. लोकरीचा एक गुंडासुद्धा घरात आणला नव्हता. तरी नाट लागायची ती लागलीच. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळाचा कणा मिटलेला नाही, डोक्यातही पाणी भरलंय, आणि हे बाळ जगणार नाही. सगळं आटोपल्यावर मी अक्कांना विचारलं, "तुम्ही पाहिलंत का?"

"नही माय," त्या म्हणाल्या. "कापडमा गुंडाळेल व्हतं. माले काही दिसनं नही."

माझी तर बघायची छातीच झाली नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात मी फार रडले. शाळा सुटल्यावर लहान मुली आयांचं बोट धरून निघाल्या की मला भडभडून यायचं, आणि मग मी उगाच वर्गात मागे राहून फळा पुसत बसायची.

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. पुढच्या थंडीपर्यंत मी जरा माणसात आले. मूल तर आम्हाला हवंच होतं. भीती एकच होती, पुन्हा तसंच झालं तर? ती भीती ह्यांनाही होती, पण आमच्या ह्यांना काळजी वाटली की ते खरेदीला जातात. ओळखीच्या औषधवाल्या शेटजींनी "भाऊ, वहिनींना ताकद यायला पाहिजे" असं म्हटलं आणि हे पिशवी भरून घरी आले. लोहाच्या टॉनिकची बाटली एवढी मोठी होती की मी विचारलं, "हे प्यायचं की याने आंघोळ करायची?" कॅल्शियमच्या गोळ्या खडूच्या तुकड्यांसारख्या, त्या मी शाळेत नेल्या असत्या तरी खपल्या असत्या. प्रोटीनच्या डब्यावर एक गुटगुटीत बाळ हसत होतं. ते चित्र अक्कांना अजिबात सहन झालं नाही, त्यांनी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. शिवाय माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल होत्या. त्या कशाच्या आहेत ते कळल्यावर अक्कांनी त्यांची डबी पदरात धरून उचलली आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

शेजारच्या काकूंनी त्यात शतावरीची भर घातली. यातलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे मला कळेना. सगळंच घ्यावंसं वाटायचं. पुन्हा काही वाकडं झालं तर आपण अमुक एक घेतलं नव्हतं, ही टोचणी मला नको होती. शेवटी ती पिशवी उचलली आणि आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी सगळं सामान टेबलावर मांडायला लावलं. आधी जेवणात काय असतं ते विचारलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, डाळ, मेथी-पालक, ताक, असं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. माझं रक्त तपासलं होतं, ते चांगलं निघालं होतं, म्हणून लोहाची बाटली बाजूला गेली. "पुढे लागेल तेव्हा मी सांगेन." माशाच्या तेलाच्या कॅप्सूल त्यांनी थेट परत करायला सांगितल्या. त्यातलं अ जीवनसत्त्व फार झालं तर या काळात बाधतं म्हणे. प्रोटीनचा डबा त्यांनी ह्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "हा तुम्ही संपवा, आणलाच आहे तर." मग चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली. फोलिक ॲसिडची गोळी, रोज एक, आजपासून.

"पण अजून तर काहीच नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच आजपासून. कणा मिटतो तो अगदी सुरुवातीला, बाईला दिवस गेल्याचं धड कळतही नाही तेव्हा. कळल्यावर सुरू केली तर उशीर होतो. निदान तीन महिने ही पोटात जाऊ दे, मग पुढचं ठरवा."

"याने पुन्हा तसं होणार नाही?"

"शक्यता पुष्कळ कमी होते. अजिबात होणार नाही, असं मी म्हणणार नाही."

मला एकदम राग आला. "मग पहिल्या वेळी का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा मलाच माहीत नव्हतं हो. अलीकडे कळलं." त्या इतकं सरळ बोलल्या की माझा राग तिथेच विरला. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

शेटजींनी ती गोळी दिली तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. मुगाच्या दाण्याएवढी पिवळी गोळी, दुकानातली जवळजवळ सगळ्यात स्वस्त. एवढ्याशा गोळीने काय होणार, असं ते घरी येईपर्यंत पुटपुटत होते.

घरी खरी लढाई होती. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जे उनं नही, त्याले औषध कसाले?"

मी शाळेतल्यासारखं समजावायला गेले, तर त्या उठून गहू निवडायला बसल्या. मग ह्यांनी आपली अक्कल चालवली. "अक्का, केळी लावायच्या आधी वावरात शेणखत टाकतात ना? तसंच हे."

"मी काय वावर आहे का?" मी जी भडकले, ती पाहून अक्कांना हसू फुटलं. पण त्या बधल्या नाहीत. "वावर डोयाले दिसस तरी," एवढंच म्हणून त्यांनी गहू पाखडायला घेतले.

मी हट्टाने गोळी सुरू केली. सकाळी चहानंतर, स्वयंपाकघरात उभ्याने, अक्कांच्या देखत. त्या मान फिरवायच्या. त्या मान फिरवतात म्हणून मी आणखी खणखणीत आवाज करून पेला ठेवायची.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. गोळ्यांची पट्टी ओट्यावर होती. काकूंना पोटुशी असताना रक्तवाढीसाठी हीच गोळी मिळाली होती, त्यांनी ती लांबूनच ओळखली. विरजण घेता घेता त्या गोड हसल्या. मी संध्याकाळी शाळेतून आले तर त्या ओटीभर चिंचा आणि आवळे घेऊन आमच्या ओसरीवर बसलेल्या, सोबत गल्लीतल्या आणखी दोघी.

"कितवा गं?" काकूंनी मला विचारलं. "आमच्यापासून काय लपवायचं?"

आता खरं सांगितलं तर रोज विचारपूस, आणि पुढे जमलं नाही किंवा पुन्हा तसंच झालं तर याच बाया पुन्हा ओसरीवर येऊन बसणार. मी काहीतरी तोडून बोलणार तेवढ्यात आतून अक्का आल्या.

"तसं काही नही," त्या म्हणाल्या. "तिनं रगत कमी शे. रगतनी गोळी शे ती."

अक्का कधी खोटं बोलायच्या नाहीत. त्यांनी चिंचा मात्र ठेवून घेतल्या, आमटीला. बाया गेल्यावर त्यांनी गोळ्यांची पट्टी उचलली, आपल्या कुरडयांच्या डब्यात ठेवली आणि वर झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, संपलं, आता ही पट्टी काही हाती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला तशी त्यांनीच डबा उघडला, एक गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे."

मी ती त्यांच्यासमोरच गिळली. पुढे ते रोजचंच झालं. एकदा मी घाईत तशीच शाळेला निघाले, तर त्या अनवाणी फाटकापर्यंत आल्या, एका हातात पेला आणि एका हातात गोळी. मी धुळ्याला माहेरी निघाले की माझ्या पिशवीत गोळ्या निघायच्या, कागदाच्या पुडीत बांधून, मला आठवण होण्याआधीच. पट्टी संपत आली की त्या ह्यांना शेटजींकडे पिटाळायच्या. आधीपासून काही करायचं नाही म्हणणारी बाई नवी पट्टी आणून जुनी संपायची वाट बघायला लागली. मी त्यांना त्यावरून चिडवलं, तर त्यांनी मला कुरडया तळायला बसवलं. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. भीती गेली नव्हती, पण ती आता माझ्या एकटीची नव्हती.

उन्हाळा संपता संपता दिवस राहिले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, कणा छान मिटलाय. मी तिथेच रडले. हे पेढे आणायला धावणार होते, त्यांना मी अडवलं, कारण घरी कोण आहे ते मला माहीत होतं. अक्कांनी बातमी ऐकली, मान हलवली आणि म्हणाल्या, "येऊ दे आधी." लोकरीचा गुंडा याही वेळी घरात आला नाही.

मुलगी झाली. नर्सने तिला पुसून, दुपट्यात गुंडाळून अक्कांच्या हातात दिलं. मी खाटेवरून बघत होते. मुलगा की मुलगी, अक्कांनी विचारलं नाही. तोंडही पाहिलं नाही. त्यांनी दुपटं सोडलं, तिला हातावर पालथी घेतली आणि मानेपासून खाली एक बोट सावकाश नेत गेल्या. कमरेच्या जरा वर ते बोट थांबलं. तिथली कातडी त्यांनी दोनदा चाचपली.

"बठ्ठी शे," त्या म्हणाल्या. बठ्ठी म्हणजे अख्खी. "पाठ बठ्ठी शे, माय." आणि रडायला लागल्या.

डॉक्टरबाईंनी पहिल्या वेळी नुसतं कणा म्हटलं होतं. तो कुठे उघडा राहिला होता, ते आम्हाला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. अक्का तर म्हणाल्या होत्या, कापडात गुंडाळलेलं होतं, काही दिसलं नाही. मी हात पुढे केला आणि त्यांनी लेक माझ्या कुशीत ठेवली.