तिकडे आकाश कसं आहे?

काकू फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. कोण बोलतंय हेही विचारायच्या नाहीत. पहिलं वाक्य ठरलेलं, "तिकडे आकाश कसं आहे?" मी त्यांच्यापासून जेमतेम तासाभराच्या रस्त्यावर राहत होते, तेव्हा सुरुवातीला मला याचं हसू यायचं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दोन गावांना दोन वेगवेगळी आकाशं असू शकतात, हे कळायला मला एक हिवाळा जावा लागला.

ही एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. काका तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. मी पलीकडच्या गावात क्लिनिकच्या लॅबमध्ये कामाला. सबंध काउंटीत मराठी बोलणारी माणसं तीन, आणि त्यांतले काका फारसे बोलायचेच नाहीत. त्यामुळे रविवारचं जेवण काकूंकडे आणि बोलण्याचं काम आम्हा दोघींकडे.

हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं. गालिच्यावरून चालत जाऊन कशालाही हात लावला की विजेचा चटका बसायचा. संक्रांतीला काकूंनी शेजारच्या रँचवरच्या, म्हणजे गुरांच्या मळ्यावरच्या, बाईंना हळदीकुंकवाला बोलावलं. नायलॉनची साडी नेसून काकू लगबगीने आल्या आणि कुंकवाचं बोट त्या बाईंच्या कपाळाला टेकलं तोच चट् करून ठिणगी उडाली. बाई दचकून मागे सरकल्या. पुढच्या वर्षी त्यांनी डोळे घट्ट मिटूनच कपाळ पुढे केलं. तो विधीचाच भाग आहे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि काकूंनी ती मोडली नाही.

उन्हाळ्यात हीच हवा काकूंच्या कामी यायची. कुरडया एका दिवसात खडखडीत वाळायच्या. फक्त वारा सुटायच्या आत उचलाव्या लागत, नाहीतर त्या कुंपणापलीकडच्या गाईंच्या पोटात. तरी जूनमध्येसुद्धा एखाद्या रात्री दंव पडायचं आणि सकाळी कोथिंबीर काळी पडलेली असायची. "या हवेचा भरवसा नाही गं," काकू म्हणायच्या. तेव्हा त्या हसत असायच्या. ऑक्टोबर लागला की हसणं थांबायचं.

त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात काकांनी घरी येऊन सांगितलं होतं, की एक रँचवाला बर्फाच्या वादळात गोठ्यातून घराकडे निघाला आणि अंगणातच वाट चुकला. सापडला तो स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी, गारठून मेलेला. काका सांगून जेवायला बसले. काकूंच्या मनातून तो माणूस कधी गेला नाही. नागपूरच्या उन्हात वाढलेली ही बाई दिवसातून कितीदा तरी दार उघडून वर पाहायची. काका त्याला 'तिचं वेदर बुलेटिन' म्हणायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, सगळ्यांची काळजी एकट्याने करणारं. अशा माणसाची आपण थट्टा करतो. मीही भरपूर केली.

आणि मग त्या रिंगा. दोन गावांमधला फोनही तेव्हा लाँग डिस्टन्स धरला जायचा. म्हणून त्या काळी आपली सगळी मंडळी करायची तेच आम्ही करायचो. घरी पोचलं की दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. पलीकडच्याने फोन उचलायचा नाही, म्हणजे बिल पडत नसे. दोन रिंगा म्हणजे पोचले. काकू फोनजवळ खुर्ची ओढून बसायच्या आणि तो वाजून थांबला की उठून चहा टाकायच्या.

तो जानेवारीतला रविवार होता. जेवणं झाली. मी निघाले तेव्हा आकाश लख्ख निळं होतं. काकू दारात उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "निळं आहे म्हणून फसू नकोस. आज राहा इथेच." काका म्हणाले, रोड क्लिअर आहे, जाऊ दे तिला. मी गेले.

अर्ध्या वाटेवर वारा उठला. तिथला बर्फ इतका कोरडा असतो की शेतात पडलेला तसाच पिठीसारखा उडायला लागतो. वर पाहिलं तर निळं आकाश, ऊन. समोर पाहिलं तर गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही. रस्ता कुठे संपला ते मला खड्ड्यात गेल्यावरच समजलं. गाडीतून उतरू नये म्हणतात. पण वारा क्षणभर पडला आणि फाट्यावरचा कम्युनिटी हॉल अगदी जवळ दिसला. मी कुंपणाची तार धरून तिथवर गेले. दाराला कुलूप नव्हतं. आत हीटिंग बंद, खुर्च्या रचून ठेवलेल्या आणि भिंतीवर फोन.

मी काकूंचा नंबर फिरवला. एक रिंग गेली. दुसरी गेली. आणि लाइन डेड झाली.

मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. फोनमध्ये साधी घरघरही नव्हती. बाहेर कुठेतरी तार तुटली असणार. आणि मग काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. काकूंच्या घरात फोन दोनदा वाजून थांबला होता. म्हणजे त्यांच्या हिशेबी मी पोचले होते. या सबंध देशात ज्या एका बाईने माझी काळजी केली असती, ती आता निर्धास्तपणे चहा टाकत असेल. इतकी भीती मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. मी खुर्च्यांच्या मागे अंग आखडून बसले आणि वारा ऐकत राहिले. बोटं दुखायची थांबली तेव्हा जास्तच घाबरले.

अंधार पडायच्या बेताला बाहेर पिवळा दिवा फिरताना दिसला. बर्फ काढायचं यंत्र, आणि त्यामागे शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, माणूस. त्याने मला ब्लँकेटात गुंडाळलं आणि म्हणाला, की डॉक्टरांच्या बायकोचे सारखे फोन येताहेत. "माय गर्ल इज ऑन द रोड," एवढं एकच वाक्य त्या परत परत सांगत होत्या.

त्यांनी चहा टाकलाच नव्हता. फोन थांबल्यावर दार उघडून वारा पाहिला होता, आणि असल्या वाऱ्यात ही पोर इतक्या लवकर घरी पोचेलच कशी, असं म्हणून माझ्या घरी फोन लावला होता. कुणी उचलला नाही. काका म्हणाले, बाथरूममध्ये असेल. काकूंनी शेरीफला फोन केला.

शेरीफच्या माणसाने मला त्यांच्याकडे परत आणलं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. माझी बोटं कोमट पाण्यात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "यापुढे मी फोन उचलणार. आवाज ऐकल्याशिवाय मला चालायचं नाही." काकांनी बिलाचं नाव काढलं नाही. वेदर बुलेटिन हा शब्दही त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही.

पुढे काही वर्षं दर रविवारी मी घरी पोचून फोन करायचे आणि दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज यायचा, "तिकडे आकाश कसं आहे?"

काकू गेल्या त्या एका शांत जूनमध्ये, झोपेत, हृदय बंद पडून. ज्या हवेला त्या इतकी वर्षं भ्यायल्या, तिने काही केलं नाही. सगळं उरकून मी एकटी गाडी चालवत घरी आले. दुतर्फा गहू हिरवागार होता. आता माझी वाट कुणी बघत नव्हतं, आणि त्या रस्त्याची मला पुन्हा तशीच भीती वाटत होती.

घरात शिरले आणि सवयीने नंबर फिरवला. दोन रिंगा गेल्या. तिसरी, चौथी. काका कधीच फोन उचलायचे नाहीत. मी ठेवणार एवढ्यात पलीकडे कुणीतरी उचलला.

मग काका म्हणाले, "तिकडे आकाश कसं आहे?"

"निळं आहे, काका."

"मग जपून राहा," ते म्हणाले.