काळ्या रानातला कापूस

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी लेक मला म्हणाली, "बाबा, तुमचे केस अगदी सॉल्ट अँड पेपर झालेत." हा इंग्रजी टोमणाच असणार, असं समजून मी केस काळे करायला तडक औरंगपुऱ्यातल्या एका सलूनमध्ये शिरलो.

तिथल्या माणसानं लेकीचं बोलणं माझ्याकडून ऐकून घेतलं, कंगव्यावर फुंकर मारली, माझं डोकं पारखलं आणि रंगाची वाटी बाजूला सारली.

"टोमणा नाय साहेब, तारीफ हाय. पिशोरला रान हाय आमचं. काळ्या मातीत कापूस फुटला की लई देखणं दिसतं. त्याला कुणी काळा रंग देतं का?"

मी तसाच परतलो.

साखरपुड्यात काळ्याकुळकुळीत डोक्याचे व्याही सारखे माझ्या केसांकडं बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "कुठं करून घेता हो?"

"औरंगपुऱ्यात," मी ऐटीत म्हणालो, "तिथला माणूस काहीच करत नाही."