अम्माच्या अंगठ्याच्या रेषा

परवा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता एक सर म्हणाले, "सरकारनं शाळेच्या खर्चासाठी पालकांना पैसे देऊच नयेत. फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही." मी तासिकेवरची, नुकतीच लागलेली शिक्षिका. गप्प बसायला हवं होतं. पण डोकंच फिरलं माझं. "सर, हातात वेळेवर पडले कधी हो कुणाच्या?" एवढंच म्हणून कप तसाच ठेवला आणि उठले. पुढचं बोलले असते तर तिथंच रडले असते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. नान्ना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर जायचे, पण माग चालू कमी आणि बंद जास्त. घर चालायचं ते अम्माच्या विड्यांवर. सकाळी मांडीवर सूप घेऊन बसली की बसली. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. खाडे झाले तर विडी कामगाराचं कार्ड जायचं, त्या जागेसाठी दुसरी बाई वाटच बघत असायची.

मी शाळेत असताना एका वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, दहावीत गेली होती. माझ्यापेक्षा लई हुशार, हे मी आजही छातीठोक सांगते. तिला नर्स व्हायचं होतं. तिची फी, वह्या, गणवेश, सगळी भिस्त सरकारी पैशांवर होती आणि ते पैसे अम्माच्या खात्यात आले होते. आले होते बरं का! काढायला फक्त अंगठा लावायचा होता.

अम्मानं बँकेत जाऊन लावला. मशीननं ओळखलं नाही. उजवा, डावा, पदराला पुसून पुन्हा उजवा. इतकी वर्षं पानं आणि तंबाखू चोळून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. अंगठा झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मशीनवरचा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, चार दिवस हाताला आराम द्या. रेषा परत येतात."

आणि अम्मानं ते ऐकलं! घरी येऊन सूप बाजूला सारलं. पण मग कार्डाचं काय? अक्का म्हणाली, "मी बसते की चार दिवस. त्यात काय." दप्तर खुंटीला अडकवून ती अम्माच्या जागेवर बसली. शाळेचे पैसे काढता यावेत म्हणून शाळा बुडवली. सांगा हे कुणाला, वेड्यात काढतील.

अम्मा हाताला खोबरेल तेल लावायची आणि दारात उन्हाला बसून अंगठा निरखायची. "बघ गं, काही उमटतंय का?" मी वाकून बघायची आणि म्हणायची, "हो अम्मा, दिसतंय थोडं." काही दिसत नसायचं. ती परत बँकेत गेली, परत तेच. मग आणखी थोडा आराम. तोवर अक्काचा हात असा बसला की ती अम्मापेक्षा भरभर वळू लागली. कारखान्यात म्हणे विड्यांचं कौतुक व्हायचं. जळलं मेलं ते कौतुक! तिचं दप्तर खुंटीवरून निघालं ते विड्या न्यायला. शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या. अक्का सुपावरची मान वर न करता म्हणाली, "येते की बाई, पुढच्या आठवड्यात."

परीक्षेचे फॉर्म भरून संपल्यावर एक दिवस नव्या मशीनवर अम्माचा अंगठा पहिल्याच झटक्यात लागला. पैसे घेऊन ती धापा टाकत घरी आली आणि अक्कासमोर हात पुढे करून उभी राहिली. अक्कानं नुसतं बघितलं आणि पुढचं पान उचललं.

त्या पैशांत माझी पुस्तकं आली, गणवेश आला. पुढेही असे पैसे येत राहिले, मी शिकले. म्हणून कुणी विचारलं तर सांगते, द्या, जरूर द्या. पण जूनमध्ये द्या, आणि माणसाच्या हातात पडतील असे द्या. अम्मा आता नाही. शेवटपर्यंत म्हणायची, "मी त्या माणसाचं ऐकायला नको होतं." कसली गं तुझी चूक, माझी भोळी अम्मा!

अक्काचं लग्न लवकर झालं. सासरीही सूपच. तिची लेक यंदा पहिलीला गेली. तिच्या शाळेचे पैसे खात्यात आल्याचं कळलं, म्हणून गेल्या आठवड्यात मी अक्काबरोबर बँकेत गेले. वाटेत ती भलतीच खुशीत होती. लेकीला नवं दप्तर घ्यायचं, त्यावर फुलपाखरू हवं, असं मायलेकींचं चाललं होतं.

अक्कानं अंगठा लावला. लाल दिवा. पदराला पुसून परत लावला. लाल दिवा. खिडकीतली मुलगी अगदी मायेनं म्हणाली, "ताई, चार दिवस हाताला आराम द्या ना."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला काय आठवलं ते मला कळलं, मला काय आठवलं ते तिला. तेवढ्यात खाली उभ्या पोरीनं टाचा उंचावून आपला इवलासा अंगठा मशीनकडे नेला. "अम्मा, माझा लाव की."

अक्कानं तिचा हात झटक्यात मागे ओढला, मुठीत गच्च धरला आणि सगळ्या बँकेसमोर हंबरडा फोडला.