नाताळाला येईल

सलोमीबाईंकडे दिवाळीत गेलेलं ताट नाताळापर्यंत परत यायचं नाही. इंदापुरातल्या आमच्या आळीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मला तेवढी नव्हती. पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांनी यांची कचेरीत कारकून म्हणून बदली झाली आणि मी नवा संसार घेऊन तिथं आले, सलोमीबाईंच्या भिंतीला भिंत लागून.

दिवाळीला आळीतल्या सात-आठ घरांतून त्यांच्याकडे फराळाची ताटं जात. दुसऱ्या कुणाकडे गेलेलं ताट त्याच दिवशी दोन लाडू नाहीतर मूठभर साखर घालून परत येई, कारण रिकामं ताट परत करायचं नसतं. सलोमीबाई ख्रिस्ती. दिवाळीचा फराळ त्या करत नसत, आणि वर्षातून दोनदा कढई चढवण्याची त्यांची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी आपली वेगळी रीत पाडली होती. आलेली ताटं राखेनं घासून लख्ख करायची, जुन्या लुगड्यात बांधून फडताळात ठेवायची आणि नाताळाच्या दिवशी भरून ज्याची त्याला पोचवायची. मध्ये कुणाकडे पाहुणे आले, ताट कमी पडलं, की बायका सहज म्हणत, "ते सलोमीबाईकडं हाय. नाताळाला येईल."

त्या मुलींच्या शाळेत पहिलीच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, आवाज मात्र चार वर्गांना पुरेल असा. नवरा लवकर गेला होता. मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी एस्तेर नगरला बोर्डिंगात राहून शिकत होती आणि पगारातला मोठा वाटा तिकडे जाई. बाईंच्या वहाणा शाळेच्या दारापर्यंत हातात असत. दारात आल्या की पायात घालत. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "वहाणा झिजत्यात गं. पाय कुठं झिजतोय?"

त्यांचा नाताळ दसऱ्याला सुरू होई. सणसरहून त्यांचा भाऊ गुळाची ढेप पाठवायचा. वर्षभराचा चहा त्या गुळाचा. साखर घरात आली की ती थेट एका पत्र्याच्या डब्यात जाई आणि डब्यावर पाटा ठेवला जाई. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला गुळाचा चहा. "जिभेला म्हनायचं, थांब जरा," त्या सांगत. "नाताळ काय पळून चाललाय?"

दाराला लावायच्या चांदणीचा कामट्यांचा सांगाडा दर वर्षी तोच. त्यावर वरच्या वर्गातल्या मुलींच्या संपलेल्या वह्यांची पानं चिकटवायची आणि कागदाला तेलाचा हात फिरवायचा. संध्याकाळी आत पणती लागली की पाढे, बेरजा आणि मास्तरांचे लाल शेरे सगळ्या आळीला वाचता येत. "गणित चुकलंय ह्या पोरीचं," बाई वर बघून म्हणत, "पर उजेड बरोबर पडतोय." पांढरं लुगडंही एकच, निळीत काढून गादीखाली घडी घालून ठेवलेलं. एवढ्याशा खोलीत एवढी तयारी पाहून मला कौतुक वाटे. त्यांचं म्हणणं, "त्येचा जलम गोठ्यातला. त्येला ही खोली मोठीच वाटंल."

माझ्या हातून चूक झाली ती पहिल्याच वर्षी. डिसेंबर लागला आणि सासूबाई तीन नणंदांना घेऊन महिनाभर राहायला येत असल्याचं पत्र आलं. माझ्याकडे माहेरची सहा पितळी ताटं, आईनं माझं नाव कोरून दिलेली. मोजली तर पाच. सहावं दिवाळीत सलोमीबाईंकडे फराळ घेऊन गेलेलं. मी तशीच उठून त्यांच्या दारात गेले.

"बाई, माझं ताट तेवढं देता का? हवं होतं."

त्या चांदणीला कागद लावत बसल्या होत्या. बोटांवरची खळ तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात धुतले आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा हातात माझं ताट होतं, आणि त्यात साखरेची रास.

"घ्या, वैनी. कोरडीच हाय. चुलीला न्हाय लागली."

एरवी त्या मला सुमन म्हणत, अगं-तुगं करत. त्या दिवशी मी 'वैनी' का झाले, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. "अहो, इतकी कशाला?" मी म्हटलं. "रिकामं कसं द्यायचं?" एवढंच बोलून त्या पुन्हा कागद लावू लागल्या. मी खुशीत घरी आले. पाहुण्यांच्या चहाची सोय झाली असं मला वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

समोरच्या शेवंताकाकूंचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. त्या मेथीची जुडी द्यायला आल्या आणि साखर पाहून दारातच थांबल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"अगं, ताट मागून आणलंस? तुझ्याआधी हितं जे बिऱ्हाड हुतं, त्यांनी बी असंच नाताळाआधी मागून नेलं हुतं. तिच्या हातचं खायला लागू न्हाई म्हणून. तवा बी तिनं कोरडंच दिलं. कोरडं सगळ्यांना चालतं न्हवं."

"पण काकू, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुला न्हवतं. तिला काय ठावं?"

मला खूप वाईट वाटलं. बाईंची वर्षभराची साखर माझ्या स्वयंपाकघरात होती, आणि मी एक शब्दही न बोलता त्यांना भलतंच काही सांगून आले होते. 'तुमच्या हातचं आम्हाला नको' असं. माफी मागावी तर कोणत्या शब्दांत मागावी हेही कळेना. जे मी म्हटलंच नव्हतं, ते परत कसं घ्यायचं?

रिकामं ताट कुणाच्या हातात देऊ नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम रिकामं ताट घेऊन गेले.

"बाई, पाहुण्यांना आणि यांना मिळून पाच ताटं पुरतील. मी पानावर जेवेन. हे तुमच्याकडे राहू द्या. नाताळाला द्या, पण करंज्यांनी भरून द्या. तुमच्या चुलीवरच्या."

त्यांनी लगेच हात पुढे केला नाही. "सासूबाई येनार न्हवं? त्या खातील?"

"त्यांचं मला माहीत नाही. मी खाईन."

त्यांनी ताट घेतलं, त्यावरच्या माझ्या नावावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "मग सुमे, साखर बी आन माघारी. सारन काय मातीचं करू?"

नाताळाला पहाटेच्या गाडीनं त्या बारामतीला उपासनेला गेल्या. दुपारी परतल्या आणि पांढरं लुगडं न बदलता घरोघरी ताटं पोचवत फिरल्या. माझ्या दारी आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. मी त्यांच्यासमोर बसून दोन करंज्या खाल्ल्या. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. करंज्या मात्र सुरेख झाल्या होत्या, कडा किंचित जास्त तांबूस, तरीही.

त्यानंतर पाच दिवाळ्या माझं ताट त्यांच्याकडे गेलं आणि पाच नाताळांना भरून आलं. मग बाई निवृत्त झाल्या. एस्तेर नगरला मास्तरीण झाली होती, तिच्याकडे जायचं ठरलं. त्या दिवाळीत त्यांनी आळीत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं, "औंदा ताटं देऊ नका. नाताळाला मी हितं न्हाय." बायकांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. एसटीच्या थांब्यावर मी फराळाचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आता हे माघारी कसं देऊ गं?"

"नाताळाला द्या," मी म्हटलं. "नाताळ काय पळून चाललाय?"

त्या हसल्या. डोळे पुसले आणि ताट पदराखाली घेतलं.

डिसेंबरात एस्तेरचं पत्र आलं. आत्या झोपेतच गेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'आत्याच्या ट्रंकेत लुगड्यात बांधलेलं तुमच्या नावाचं ताट निघालं. शेजारी साखरेचा डबा होता, निम्म्याच्या वर भरलेला. ताट कुणाबरोबर पाठवू?' मी रडले. मग उत्तर लिहिलं की पाठवू नकोस, राहू दे तुझ्याकडे.

आता माझी सून घर सांभाळते. पितळी ताटं वर्षातून एकदा काढते, चिंचेनं घासते, आणि दर वेळी विचारते, "सहातली पाचच आहेत. सहावं कुठं गेलं?"

मी सांगते, "सलोमीबाईंकडे आहे. नाताळाला येईल."