नवसागराची बाटली

प्रयोगशाळेतल्या मावशींना वीस वर्षांत आम्लाच्या वासाची किळस कधी आली नाही. किळस यायची ती माणसांची. काचा धुवायच्या, बाटल्या भरायच्या आणि तारेच्या अणूच्या नमुन्यावरचे निखळलेले मणी परत ओवायचे, हे त्यांचं काम. आत दोन, मग आठ, बाहेरच्या कड्यावर एकटाच एक; तो झाला सोडियम, आणि तो एक मणी देऊन टाकायला मेला कायम उतावीळ! लेकीला रसायन त्यांनी त्या मण्यांवरच शिकवलं.

आज त्याच लेकीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. क्षार पाण्यात विरघळवायचा आणि तापमान लिहायचं. तिनं लिहिलं, सहा अंश उतरलं. बाकी एकूणएक वह्यांत, सहा अंश चढलं.

"कण सुटे करायला ऊर्जा जास्त लागली सर, पाण्याशी जुळताना परत कमी मिळाली," ती सांगत होती. सरांनी सगळ्यांसमोर खिदळून शून्य दिलं. म्हणजे पोरीचं वर्ष बुडालं.

मावशींच्या अंगाची लाही लाही झाली. पाणी गरम करणारा क्षार तीन वर्षांपूर्वीच संपला होता. "भरा त्यात नवसागर, कोण बघतंय?" असं ह्याच सरांनी सांगितलं होतं. नवसागरानं पाणी गार पडतं. बाटलीवरची चिठ्ठी मात्र जुनीच राहिली. तीन वर्षं एकाही दिवट्यानं बीकरला बोट लावलं नव्हतं. शी!

बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मावशींनी लेकीचा बीकर आणून आपटला. नवसागराचं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "हात लावून बघा."

परीक्षकांनी बोट लावलं. "गारच आहे हो."

सर खिडकीबाहेर बघत बसले. परीक्षकांनी वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "हिचं बरोबर धरलं तर चाळीस जण नापास होतील, बाई. नसतं झेंगट कशाला?" बोट रुमालाला पुसून त्यांनी शून्याखाली सही ठोकली.

 व्हरांड्यात येऊन मावशी तोंडाला येईल ते बोलत सुटल्या. "कॉपीबहाद्दर मेले! कोण देतं ह्यांना आयती उत्तरं?"

 लेक हळूच म्हणाली, "तूच ना, आई. कपाटातली उत्तरांची जुनी वही. 'लवकर उरका, मला काचा धुवायच्यात' म्हणत दरवर्षी तूच सगळ्यांत फिरवतेस."

मावशींनी हात पदराला पुसला.

"सकाळी मलाही दिली होतीस. मी उघडली नाही."